सी आणि सी प्लस प्लस: स्टॅटिकमधले ‘एकदाच’ नेमके केव्हा?

‘फंक्शनमधले स्टॅटिक व्हेरिएबल सी आणि सी प्लस प्लसमध्ये सारखेच असते’ हे विधान पुण्यातल्या क्लासांच्या नोट्समध्ये वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जात आहे. नाव फंक्शनपुरते आणि किंमत प्रोग्रॅम संपेपर्यंत, इतपत ते खरे आहे. पहिल्या वर्षी सी शिकलेल्यांना हे पुन्हा सांगण्याची गरज नाही.

गफलत होते ती सुरुवातीची किंमत केव्हा भरली जाते याबाबत. सीमध्ये ती किंमत स्थिरच असावी लागते आणि मेन हे प्रोग्रॅमचे पहिले फंक्शन सुरू होण्यापूर्वीच जागेवर असते. म्हणजे ते व्हेरिएबल जाहीर करणारी ओळ चालताना काहीच घडत नाही. सी प्लस प्लसमध्येही साधा आकडा असेल तर फरक जाणवत नाही. परंतु तिथे बरोबरच्या चिन्हाच्या उजव्या बाजूला फंक्शनला हाक मारता येते, पॅरामीटरही वापरता येतो, आणि ते काम अंमलबजावणी त्या ओळीवर पहिल्यांदा पोहोचते तेव्हा होते. कधीच पोहोचली नाही, तर कधीच होत नाही. समजा, थांब्याचे नाव घेऊन बसमार्गांची यादी देणाऱ्या फंक्शनमध्ये ती यादी स्टॅटिक ठेवून त्याच ओळीत भरली. पहिली हाक ‘स्वारगेट’ची असेल, तर नंतर ‘शिवाजीनगर’ विचारणाऱ्यालाही स्वारगेटचेच मार्ग मिळतील. सीचा कंपायलर अशी ओळ स्वीकारतच नाही. सी प्लस प्लसचा कंपायलर मुकाट्याने स्वीकारतो, म्हणूनच ‘सारखेच’ हा शब्द घातक आहे. शिवाय किंमत भरताना एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेकले गेले, तर ते भरणे झालेच नाही असे मानून पुढच्या हाकेला पुन्हा प्रयत्न होतो.

सी प्लस प्लसच्या २०११च्या मानकाने आणखी एक हमी दिली: अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) एकाच वेळी त्या ओळीवर आले, तर एक किंमत भरतो आणि बाकीचे थांबतात. यावरून ‘स्टॅटिक थ्रेड-सेफ असते’ असे सांगणे मला अजिबात मान्य नाही. हमी फक्त पहिल्यांदा किंमत भरण्यापुरती आहे. नंतर स्टॅटिकमध्ये ठेवलेला एकच मोजणीचा आकडा दोन थ्रेड वाढवणार असतील, तर म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) किंवा अ‍ॅटॉमिक (ज्यावरची क्रिया मध्येच तुटत नाही असे व्हेरिएबल) लागतेच. उलट, ही हमी असताना ‘आधी भरले आहे का’ हे पाहणारा साधा बूलियन झेंडा हाताने लिहिणेही सोडून द्यावे, कारण त्या झेंड्याला असे कोणतेही संरक्षण नसते.