नळाला दुधासारखं पाणी आलं म्हणजे क्लोरीनची (ब्लीचिंग) पावडर जास्त पडली? नाही हो

नवी मुंबईत शटडाऊन संपून पाणी आलं की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज ठरलेलाच, "आज पावडर जास्त टाकलीय, पिऊ नका". आमच्याकडे नेरूळला तर काकू लोक बादल्या ओतून देतात, जीव तुटतो बघून.

अहो ती हवा असते. पाणी मोरबे धरणातून येतं, भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि मग मोठमोठ्या पाइपांतून आपल्याकडे, शटडाऊनमध्ये पाइप रिकामे झाले की आत हवा भरते, पाणी परत सोडलं की ती दाबाखाली पाण्यात मिसळते आणि नळातून बाहेर पडताना बारीक बारीक बुडबुडे होतात, म्हणून पांढरं दिसतं.

काचेचा ग्लास भरून ओट्यावर ठेवा, एक-दोन मिनिटांत तळाकडून वर साफ होत येईल, कारण बुडबुडे वर जातात. क्लोरीनने पाणी पांढरं होतच नाही, त्याचा फार तर वास येतो, आणि नळाला थोडं क्लोरीन असायलाच हवं, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम.

हां, पण तळाला गाळ बसला किंवा गटाराचा वास आला तर ते पाणी पिऊ नका, सरळ वॉर्ड ऑफिसला कळवा.