विळ्यावरचा तांबूस थर आणि सेलमागची गोष्ट

परवा नाशिकला भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, चार लिंबं, प्रत्येकात एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि एक तांब्याची पट्टी, सगळी वायरने एकापुढे एक जोडलेली आणि शेवटी मिणमिणता लाल एलईडी. वर बोर्ड, ‘लिंबापासून वीज’. पोरींनी मनापासून केलं होतं, पण वीज लिंबातून येत नाही, ती खिळ्यावरच्या जस्तातून येते, आणि हे कळायला युरोपातल्या मोठमोठ्या लोकांनाही बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमची निफाडकडची द्राक्षबाग. बागायतदाराच्या घरात बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, वेगळं शिकवावं लागत नाही, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना. अण्णा फवारणीच्या आधी घासून चकचकीत केलेला विळा त्या निळ्या पाण्यात बुडवायचे, थोडा वेळ धरायचे, बाहेर काढून उन्हात पातं तिरपं करून बघायचे. पात्यावर तांबूस झाक दिसली की म्हणायचे, "चुना कमी पडलाय, घाल अजून." नाहीतर पानं करपतात.

ती तांबूस झाक म्हणजे खरंखुरं तांबं. मोरचूद पाण्यात विरघळलं आणि चुना पुरेसा नसला की तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, मोकळे फिरतात आणि त्यांना प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन हवे असतात. लोखंड ते तांब्यापेक्षा सहज सोडतं, म्हणून लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात जातो आणि तांबं त्याच्या जागी पात्यावर बसतं. देवाणघेवाण जागच्या जागी होते, त्यामुळे सुटलेली ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. सेल म्हणजे हीच देवाणघेवाण, फक्त देणारा इकडे आणि घेणारा तिकडे ठेवायचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला वायरमधून लांबचा फेरा मारून जावं लागतं, आणि त्या वाटेत आपण दिवा लावतो.

सुरुवात बेडकाच्या तंगडीपासून झाली. इटलीत बोलोन्याला गॅल्व्हानीने बघितलं की दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो, १७९१ मध्ये त्याने ते छापलं आणि म्हणाला वीज प्राण्याच्या अंगातच असते. पाव्हियाच्या व्होल्टाला ते पटेना. त्याने बेडूक काढूनच टाकला, जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि मार्च १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवून कळवलं. सलग वाहणारी वीज माणसाच्या हातात आली ती तेव्हा. काही आठवड्यांतच निकल्सन आणि कार्लाइल यांनी तसलीच चळत बांधून पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन करून दाखवलं.

पण व्होल्टाचं कारण चुकलं होतं. त्याला वाटायचं नुसता दोन धातूंचा स्पर्श पुरे, खर्च काहीच होत नाही. खर्च होत होता, जस्त झिजत होतं. १८३० च्या दशकात फॅरेडेने मोजून दाखवलं की जेवढी वीज वाहते तेवढ्याच प्रमाणात पदार्थ बदलतो, त्यात उधारी नाही. आजच्या आकड्यात सांगायचं तर १ ग्रॅम जस्त पूर्ण कामी आलं तर साधारण ८२० एमएएच (मोबाईलच्या बॅटरीवर लिहितात तेच माप) मिळतात. लिंबाचा रस फक्त आयनांना ये-जा करायची वाट देतो, आणि तांब्याच्या पट्टीपाशी इलेक्ट्रॉन घेणारं आम्ल पुरवतो. लिंबाऐवजी ताक घ्या, तरी चालतं.

दुसरी अडचण बुडबुड्यांची. तांब्याच्या पट्टीवर हायड्रोजन साचतो आणि थोड्याच वेळात करंट कमी होतो, लिंबातही तेच होतं. यावर १८३६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या डॅनियलने काढलेली युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण त्यात आपलं मोरचूद आहे! तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचं पाणी, आत दुसऱ्या कप्प्यात पातळ सल्फ्युरिक आम्ल आणि त्यात जस्ताची कांडी. मधला पडदा म्हणून आधी बैलाची अन्ननलिका वापरली, पुढे मातीचं सच्छिद्र भांडं आलं, आपला माठ जसा पाझरतो तसं, आयन हळूहळू जातात पण दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. आता तांब्यापाशी हायड्रोजनऐवजी तांबंच बसतं, विळ्यावर बसतं तसंच, त्यामुळे बुडबुडे बंद आणि साधारण १.१ व्होल्ट बराच वेळ टिकून. तारेच्या ऑफिसांना असाच भरवशाचा सेल लागायचा.

त्यानंतर १८६६ चा लेक्लांशेचा सेल, जस्त, कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइडचा, आणि १८८० च्या दशकात गासनरने त्यातलं पाणी घट्ट करून कोरडा सेल बनवला, उलटा केला तरी सांडत नाही असा. रात्रीची लाईट असायची तेव्हा बागेला पाणी द्यायला आम्ही जी बॅटरी घेऊन जायचो तिच्यात तेच सेल. त्यात जस्ताची कांडी वेगळी नसते, सेलचा बाहेरचा डबाच जस्ताचा असतो, म्हणजे सेल वापरला जातो तसा तो स्वतःची भिंत खात असतो. बॅटरीत विसरून राहिलेले जुने सेल फुटून आतलं चिकट बाहेर येतं आणि स्प्रिंग गंजते, ते जस्त खाऊन संपल्यामुळे.