हत्तीच्या कानाने ऐकलेली मैफल

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी एका कुत्र्याला सुरात हेल काढायला शिकवलं होतं आणि त्याला चक्क मैफलीत बसवलं होतं, असं मिरजेत अजूनही सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती हे सोडून देऊ, पण ती अगदीच अशक्य नाही. लांबवलेला स्वर ऐकून कुत्री हेल काढतात, हे शंख वाजणाऱ्या कुठल्याही गल्लीत दिसतं. प्रश्न पुढचा आहे. कुत्र्याला ते गाणं आवडलं म्हणून तो गायला, की त्या आवाजाला उत्तर दिल्याशिवाय त्याला राहवलं नाही?

अमेरिकेत हा प्रश्न दर उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. पोर्टलंडचं ओरेगॉन झू, सिअ‍ॅटलचं वुडलँड पार्क झू, मिनेसोटा झू अशा ठिकाणी प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच उन्हाळी मैफलींची मालिका भरते. तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळणारा. लोक चादर अंथरून हिरवळीवर बसतात, पोरं बागडतात, समोर मोठा रंगमंच आणि त्याच कुंपणाच्या आत हत्ती, अस्वलं, लांडगे. आपल्याकडे मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकलेला असताना हिरवळीवर बसायची कल्पना कुणी करणार नाही, पण उन्हं उतरल्यावरची जत्रा, तमाशाचा फड आणि ऑर्केस्ट्रा हे आपलं त्याच जातीचं प्रकरण.

यातल्या पोर्टलंडच्या बागेचा किस्सा मला सगळ्यात जास्त आवडतो. १९८४ साली ती वॉशिंग्टन पार्क झू या नावाने ओळखली जायची. देवमाशांच्या गाण्यावर काम करणाऱ्या केटी पेन तिथे हत्तींजवळ आठवडाभर बसून होत्या. कानाला फारसं काही ऐकू येत नव्हतं, पण मधूनमधून हवेत धडधड झाल्यासारखं अंगाला जाणवायचं. परतीच्या विमानात त्यांना आठवलं की पूर्वी गायनवृंदात गाताना चर्चच्या ऑर्गनच्या सगळ्यात मोठ्या नळ्यांशेजारी उभं राहिलं की असंच वाटायचं. सूर इतका खाली जायचा की कान सोडून द्यायचा आणि छाती ऐकायची. मग ध्वनिमुद्रण केलं, टेप वेगाने फिरवून आवाज वर आणला, आणि हत्तींची बोलणी सापडली. आशियाई हत्तींच्या त्या हाका १४ ते २४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या होत्या. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून सुरू होतो, म्हणजे हत्ती आपल्या उंबऱ्याखालून बोलत होते. ज्या बागेत हे कळलं, त्याच बागेत आज मैफली होतात.

हत्तीच्या श्रवणाची चाचणी त्याआधीच झाली होती. हेफनर दांपत्याने एका तरुण आशियाई हत्तिणीवर प्रयोग केला, तेव्हा तिची मर्यादा खाली १७ आणि वर सुमारे १०,५०० हर्ट्झ भरली. माणसाची वरची मर्यादा २०,००० मानतात. म्हणजे झांजेची वरची झळाळी हत्तीपर्यंत पोचतच नाही, पण खालचा घुमारा त्याला आपल्यापेक्षा चांगला ऐकू येतो. मांजरकुळाचं उलट आहे. घरातलं मांजर ६०,००० हर्ट्झच्याही वर ऐकतं. एकच मैफल, पण शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांत दोन वेगळ्या मैफली चालू असतात.

आता साऊंडवाल्याच्या भाषेत बोलू. ‘चार बेस, चार टॉप’ यातले टॉप म्हणजे बारीक आवाजाचे स्पीकर आणि बेस म्हणजे घुमाऱ्याचे; हे बेस साधारण ३० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. हत्तीच्या हाकांचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सोबतीचे सूर, याच पट्ट्यात पडतात. तेव्हा गाणं मोठं वाटणं ही हत्तीची एकमेव अडचण नसते. शेजारच्या हत्तिणीने काय म्हटलं ते त्याला कळेनासं होतं, ही दुसरी आणि बहुधा मोठी अडचण. डॉल्बीच्या भिंतीपुढे उभं राहून मित्राशी बोलून पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

भिंत बांधली तर? इथे बेस फार चिवट निघतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते, आणि पुरुषभर उंचीच्या कुंपणाला ती सहज वळसा घालते. टॉपचा बारीक आवाज हवेत आणि झाडीत लवकर विरतो. म्हणून लांबच्या वरातीतलं गाणं कोणतं ते ओळखू येत नाही, नुसते ठोके पोचतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर १०० डेसिबल असेल, तर १६० मीटरवर ७६ आणि ३२० मीटरवर ७०. हे झालं कागदावरचं गणित.

संध्याकाळ हे गणित बिघडवते. दुपारी जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा गरम, आणि गरम हवेत ध्वनी वेगाने जातो. लाटेचा खालचा भाग पुढे पळतो आणि सगळी लाट आकाशाकडे वळते. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते, खालची हवा गार आणि वरची उबदार राहते, आणि लाट उलट जमिनीकडे वाकते. कृष्णाकाठच्या सपाट रानात रात्री दोन-तीन गावांपलीकडचा तमाशा शेजारी असल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे. वारं पडलेलं असेल तर आणखीच. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा आहे, तो माणसांच्या झोपेचा हिशेब. हरणं चरायला बाहेर पडतात ती तिन्हीसांजेला, हवेने ही कलाटणी घेतलेली असते नेमकी तेव्हा.

संगीत प्राण्यांना आवडतं का, याचं उत्तर मात्र आपल्या लाडक्या समजुतींना फारसं धार्जिणं नाही. टॅमरिन आणि मार्मोसेट या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या माकडांना मॅकडर्मॉट आणि हाउजर यांनी २००७ च्या प्रयोगात निवडीची मुभा दिली. जलद संगीतापेक्षा त्यांनी संथ संगीत पसंत केलं, पण संगीत की शांतता असं विचारल्यावर ती शांततेच्या बाजूला जाऊन बसली. दोन वर्षांनी चार्ल्स स्नोडन यांनी डेव्हिड टी या चेलोवादकाकडून टॅमरिनच्याच हाकांच्या चालीवर धुना बांधून घेतल्या. माणसांच्या संगीताला बहुतेक वेळा थंड राहणारी माकडं त्यांना मात्र प्रतिसाद देऊ लागली. बेलफास्टच्या बागेत पाश्चात्त्य अभिजात संगीत लावल्यावर हत्तिणींचं एकाच जागी डुलत राहणं कमी झालं, हेही खरं. पण ते हळू आवाजातलं संगीत होतं, मैदानावरची मैफल नव्हे. उलट सॅन दिएगोच्या बागेत मोठ्या आवाजाच्या दिवशी पांडा जास्त येरझाऱ्या घालत, दार खरवडत.

आपल्या सांगली जिल्ह्यातला सगळ्यात जुना ‘प्राण्यांसाठीचा वाद्यप्रयोग’ म्हणजे नागापुढची पुंगी. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी न्यायालयाच्या निर्बंधांमुळे पूर्वीसारखी राहिली नाही, पण पुंगीवर नाग डोलतो ही समजूत टिकून आहे. नागाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. तो पुंगीच्या हलत्या टोकावर नजर ठेवून असतो. म्हणून तो ठार बहिरा ठरत नाही. बॉल पायथन या आफ्रिकेतल्या अजगरावरच्या प्रयोगात ८० ते १६० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी कवटीच्या कंपनांतून सापाला सगळ्यात चांगले जाणवतात असं दिसलं. म्हणजे पुंगीच्या चढ्या सुरापेक्षा मिरवणुकीतला ढोलच त्याच्यापर्यंत जास्त पोचत असणार.

कायदा आपल्याकडे बराच स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांचं प्रकरण आलं, आणि तिथे आवाज करून प्राण्यांना त्रास द्यायला मनाई झाली. कुंपणाबाहेरच्या डीजेचं काय, हा खरा तिढा. सागरेश्वर अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, भोवती गावं आणि ऊस. तिथल्या सांबर-चितळांना आवाजापासून लांब पळायचं म्हटलं तरी पळणार किती?

बागेत मैफल करायचीच असेल तर मी मिरजेची बैठक सुचवेन. शास्त्रीय संगीत सात्त्विक असतं वगैरे कारणासाठी नाही. चितळाला यमन आणि लावणी यांतला भेद कळत असल्याचा पुरावा नाही. पुरुषी तंबोऱ्याचा खर्जसुद्धा ६५ हर्ट्झच्या आसपास जातो, म्हणजे बेसच्याच पट्ट्यात. पण त्यामागची ताकद भोपळ्याची आणि बोटाची असते, हजारो वॉटची नव्हे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली होणारं गाणं ऐकायला लोक जवळ येऊन बसतात, आणि आवाजाला लांब पळवावं लागत नाही. मोठा रंगमंच हवाच असेल, तर काही बेस मागे तोंड करून ठेवून आणि किंचित उशिराने वाजवून मागच्या दिशेचा घुमारा खोडून काढता येतो. परदेशात ही रचना रुळलेली आहे. आपल्याकडच्या साऊंडवाल्यांनाही ती जमेल, मागणारा गिऱ्हाईक पाहिजे.

प्राण्यांना त्रास झाला की नाही हे नुसतं बघून ठरवू नये. घाबरलेलं हरीण कित्येकदा अगदी स्तब्ध उभं राहतं आणि शांत दिसतं. शेणा-लेंड्यांत ताणाच्या संप्रेरकांचे अंश उतरतात आणि ते मोजता येतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या ‘लाकोन्स’ या संकटग्रस्त प्राण्यांसाठीच्या प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात. अन्न आतड्यातून जायला वेळ लागतो, तेव्हा शनिवारच्या मैफलीचा निकाल हत्तीच्या बाबतीत रविवारी किंवा सोमवारी हाती येणार. शिवाय मैफल नसलेल्या आठवड्यांचेही नमुने आधी घेऊन ठेवायला हवेत. नाहीतर रविवारच्या गर्दीचा ताण गायकाच्या नावावर चढायचा.