कृष्णाकाठचे संशोधन: आधी विषय, मग विद्यापीठ

मराठी विश्वकोश अकारविल्हे लावलेला आहे. त्यामुळे संगणक शोधायला गेलेला माणूस पाने उलटता उलटता संगीतापाशी पोचतो, आणि बहुतेक वेळा तिथेच रमतो. हा कोश वाईत घडला, हे मला फार शोभून दिसते. विज्ञान एका इमारतीत आणि इतिहास, भाषा, संगीत दुसऱ्या इमारतीत, ही वाटणी सातारा-सांगलीकडे बरीच उशिरा आली. ज्या शिवाजी विद्यापीठाला इथली कॉलेजे जोडली गेली, ते कोल्हापुरात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झाले. त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे या खोऱ्यात संशोधन चालूच होते. ते करणाऱ्यांत शाळामास्तर होते, शास्त्री होते, पेन्शनीत निघालेले डेप्युटी कलेक्टर होते आणि सुरुवातीला एक इंग्रज रेसिडेंटही होता.

त्या रेसिडेंटाचे नाव जेम्स ग्रँट डफ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि कारभारावर देखरेखीसाठी डफ आला. १८२२ पर्यंत तो साताऱ्यात होता. छत्रपतींच्या दप्तरातले कागद आणि जुन्या घराण्यांतली माहिती त्याने जमवली. मराठ्यांचा त्याचा तीन खंडी इतिहास १८२६ मध्ये छापून आला. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्या ग्रंथाची कठोर तपासणी केली. साहेबाने किती कागद पाहिले, किती पाहिलेच नाहीत, आणि पाहिलेल्यांचा अर्थ कसा लावला, असे ते प्रश्न होते. मराठी इतिहाससंशोधनाची ठिणगी या भांडणातून पडली, असे म्हणायला हरकत नाही.

मग सुरू झाली दप्तरांची शोधाशोध. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांचे कागद वाचायला घेतले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला सुरुवात केली. वि. का. राजवाडे यांना वाईत पानिपतच्या काळातली पत्रे मिळाली. १८९८ मध्ये निघालेला त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्या पत्रांचाच. साताऱ्यात द. ब. पारसनीस राहत होते. कागद, चित्रे, नाणी, जे मिळेल ते त्यांनी जमवले आणि वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणिसांच्या दप्तराचा माग काढला. त्यांचा संग्रह साताऱ्यात वस्तुसंग्रहालय म्हणून उभा राहिला खरा, पण १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्यात जमलेले कागद वाचायला आज सातारकराने येरवड्याची बस धरायची, हा व्यवहार मला अजून पचलेला नाही. कागद तिथे सुरक्षित राहिले हे मान्य, तरीही.

हे काम वाटते तेवढे ‘कलाशाखेचे’ नव्हते. मोडी लागणे ही पहिली पायरी. दुसरी तारखेची. पत्रावर ‘छ ५ रबिलावल’ असे असते, म्हणजे चांद्रमासातला पाचवा चंद्र. कुठे शुहूर सन, कुठे फसली, कुठे शक, अशा निरनिराळ्या कालगणना. त्यावरून इंग्रजी तारीख काढायची तर पंचांगाचे गणित यावे लागते. ही अडचण सोडवणारी जंत्री, म्हणजे तारखांचे तयार कोष्टक, ज्यांनी केली, ते बाळाजी प्रभाकर मोडक कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवत आणि रसायन-पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तके लिहीत. पानिपतच्या पत्राची तारीख विज्ञानाच्या मास्तराने केलेल्या कोष्टकावरून लागावी, यात त्या काळी कुणाला नवल वाटत नव्हते.

सांगलीकडे याहून गंमतशीर प्रकार घडला. कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म जागांचा, प्रश्न हाती घेतला. सप्तकात बावीस श्रुती असतात असे जुने संगीतग्रंथ सांगतात, पण त्या नेमक्या कुठे, हे कुणी मोजून दाखवले नव्हते. देवलांनी गायकाचा स्वर तारेवर पडताळायचा आणि तारेची लांबी मोजून गुणोत्तर काढायचे, अशी रीत धरली. तार निम्मी केली की वरचा षड्ज, दोन तृतीयांश ठेवली की पंचम. इथवर वाद नव्हता. वाद कोमल-तीव्राच्या आतल्या जागांचा होता. त्यासाठी गळा हवा होता, तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा मिळाला. १९१० मध्ये देवलांची इंग्रजी पुस्तिका निघाली. ई. क्लेमंट्स नावाचा आय.सी.एस. अधिकारी या कामाने भारावून गेला आणि त्यातूनच श्रुतींची हार्मोनियम बनवण्याचा खटाटोप झाला. १९१६ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या मांडणीवर कडाक्याची चर्चा झाली आणि संगीतशास्त्रकार भातखंडे यांना ती पटली नाही. गायक एकच स्वर रागागणिक, आणि त्याच रागातही येता-जाता, थोडा हलवतो. तारेवर खूण करून तो कायमचा बांधता येतो का, हा आक्षेप आजही तितकाच टोकदार आहे. पण मिरजेत तंबोरे-सतारींची जवारी काढणारे, म्हणजे घोडीवर तारेचा नाद जुळवणारे, कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले असताना हा प्रश्न याच गावांच्या आसपास उभा राहिला, हे मला ओघाने आलेले वाटते. घोडीवर दोऱ्याचा धागा किंचित सरकवला की तार कशी बोलू लागते, हे ध्वनिशास्त्र त्यांच्या बोटांत आधीच होते.

वाईचे प्रकरण वेगळे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत जुनी शास्त्रे शिकवली जात. १९१७ मध्ये विनोबाही इथे काही महिने शिकून गेले. याच पाठशाळेत तयार झालेले लक्ष्मणशास्त्री जोशी कलकत्त्याहून ‘तर्कतीर्थ’ होऊन परतले. धर्मशास्त्राची वचने विषयवार लावून देणाऱ्या धर्मकोशाचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्याचा व्यवहारकांड, म्हणजे न्यायव्यवहाराचा भाग, १९३७ पासून निघू लागला. केवलानंदांनी मीमांसाकोश केला. म्हणजे कोश कसा करायचा, नोंद कशी पाडायची, संदर्भ कसा तपासायचा, याची शिस्त त्या गावात विश्वकोशाच्या कितीतरी आधी मुरली होती.

म्हणून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे काम वाईला आले, तेव्हा ‘एवढ्या लहान गावात कशाला?’ हा प्रश्न बाहेरच्यांनाच पडला असेल. खरी अडचण वेगळीच होती. मानव्यविद्यांवर मराठीत लिहिणारे होते, पण भूभौतिकी, जीवरसायन, धातुविज्ञान यांवर नोंद लिहायची तर आधी शब्दच पाडायचे होते. विश्वकोशाने परिभाषासंग्रहाचा वेगळा खंड काढला तो यासाठी. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले. काही शब्द रुळले, काही खंडातच राहिले. ‘भूकंपलेखक’ (म्हणजे भूकंप नोंदवणारे यंत्र) वाचल्यावर अजूनही कुणी भूकंपावर लेख लिहिणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो, त्याला इलाज नाही. एक मात्र खरे. संस्कृत शास्त्रांत घडलेल्या माणसाच्या हाताखाली विज्ञानाची मराठी घडत होती, आणि दोन्हीकडच्या संपादकांना एकाच छपराखाली एकमेकांच्या नोंदी पाहाव्या लागत होत्या.

शेतीचे संशोधन नीरेच्या पाण्यामागून आले. कालव्यांनी ऊस वाढला, त्याचबरोबर जमिनी चोपण झाल्या, मीठ फुटू लागले. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. आमच्याकडे उसाला नावाने नव्हे, आकड्याने ओळखतात. ‘शहाऐंशी झिरो बत्तीस’ लावलाय का ‘दोनशे पासष्ट’, एवढे विचारले की पुढची चर्चा आपोआप सुरू होते. को ८६०३२ हे वाण कोइमतूरचे. पाडेगावच्या चाचण्यांतून ते १९९६ मध्ये ‘नीरा’ नावाने महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. पुढचे फुले २६५ चोपण रानातही तग धरते म्हणून शेतकऱ्याला आवडले. साखर उताऱ्यावरून कारखान्यांनी आधी नाके मुरडली, हा भागही शास्त्राचाच धरावा. टनावर पैसे घेणारा आणि उताऱ्यावर हिशेब मांडणारा एकाच उसाकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

प्रयोगशाळेबाहेरही वाण निघाले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून वेगळी दिसणारी वेल हेरली आणि तिच्या काड्यांपासून ‘तास-ए-गणेश’ उभे केले. पीएचडी नाही, निबंध नाही. कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत ते वाण मात्र आहे.

फलटण तर मला या सगळ्या गोष्टीचा छोटा नमुनाच वाटतो. तिथे बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये शेती संशोधन संस्था काढली. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते आणि सुंदरबनातली गरोळ जुळी देते. या जुळेपणामागचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार झाली. आणि त्याच गावात मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेहून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ लोकांची बोली टिपत होत्या. कोणत्या जातीतला, किती शिकलेला माणूस कसा बोलतो, ‘णी’चे ‘नी’ कुठे होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पुढे त्या फलटणच्याच झाल्या आणि त्यांनी मुलांना वाचायला शिकवणारी शाळा उभी केली. मेंढीचे जनुक आणि माणसाची बोली, दोन्हींसाठी कच्चा माल एकाच तालुक्याच्या बाजारातून मिळत होता.

मग कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता ६.३ च्या आसपास, मृत्यू सुमारे १८०. दख्खनचा कातळ हलत नाही, ही तोवरची समजूत होती. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले १९६२ च्या सुमारास आणि बारीक धक्के त्यानंतर लगेच सुरू झाले होते. जलाशयामुळे चाळवलेला, आजवर नोंदलेला हा सर्वांत मोठा भूकंप. देशाचा भूकंपप्रवण नकाशा त्यानंतर पुन्हा आखावा लागला. पाणी खडकाच्या भेगांत उतरते, तिथला दाब वाढवते, आधीच ताणात असलेली भ्रंशरेषा घसरते, ही ढोबळ उपपत्ती. नेमके आत काय होते हे पाहायला खाली उतरणेच भाग होते. म्हणून गोठण्याजवळ सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडण्यात आले. बेसाल्टचा थर साधारण सव्वा किलोमीटर लागला, त्याखाली ग्रॅनाइटी खडक. या कामासाठी कराडजवळ हजारमाचीला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. आमच्या लहानपणी मांडणीवरची भांडी वाजली की आई नुसते ‘कोयना’ एवढेच म्हणायची आणि पुन्हा पोळी लाटायला लागायची.

कासच्या सड्याबद्दल सगळे लिहितात, म्हणून इथे एवढेच: वायतुरा या वनस्पतीच्या एका जातीचे शास्त्रीय नावच ‘सातारेन्सिस’ आहे आणि ती १९८२ मध्ये नोंदली गेली. लोक तिथे फोटो काढायच्या कितीतरी आधी वनस्पतिशास्त्राची मंडळी पावसात गुडघे टेकून बसत होती. महाबळेश्वरात गव्हाच्या तांबेऱ्यावर आणि ढगांवर काम चालते. दोघांनाही तिथली थंडी आणि धुके हवे असते.

शिक्षणसंस्थांचा धागा १९१९ मध्ये सुरू होतो. त्या एकाच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज निघाले आणि कऱ्हाडजवळ काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. एकाने विषय आणले, दुसऱ्याने विद्यार्थी. रयतेच्या वसतिगृहांत वाढलेली मुले पुढे विद्यापीठात पोचली, तेव्हा प्रश्नांची जातकुळी बदलली. सत्यशोधक चळवळ, प्रतिसरकार, दुष्काळ, पाणीवाटप हे प्रबंधाचे विषय झाले. गेल ऑम्व्हेट बर्कलीतून ब्राह्मणेतर चळवळीवर डॉक्टरेट घेऊन आल्या आणि वाळवा तालुक्यातल्या कासेगावातच राहिल्या. त्यांच्यासाठी कागद पाहणे आणि पाणी परिषदेत बसणे ही वेगळी कामे नव्हती.

२०१० नंतर गुणांकाचा हिशेब आला. प्राध्यापकाच्या बढतीसाठी निबंध मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, आणि २०२५ मध्ये ती पद्धत सोडूनही दिली. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढवणे सक्तीचे झाले, हा त्यातला निखळ फायदा. आता कुणी काय लिहिले ते निदान घरबसल्या दिसते. कोयनेच्या भूगर्भावर तिथे पुष्कळ सापडते. पाटण खोऱ्यातल्या माणसांनी ती पहाट कशी पाहिली, आधीचे महिनोन्‌महिने चाललेले धक्के गावात कसे समजून घेतले गेले, धरणाशी त्यांचा संबंध तेव्हा कुणी जोडला होता का, हे भूविज्ञानात बसत नाही आणि इतिहासाच्या मार्गदर्शकाला ते भूगोलाचे वाटते. त्या रात्री शाळकरी वयाची असलेली मुले आता सत्तरीकडे झुकली आहेत, आणि अजून पारावर बसून बोलतात.