एकतर्फी हुकूमनामा रद्द करणे

प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा औपचारिक निर्णय, त्याच दिवाणी न्यायालयाने रद्द करून दावा पुन्हा चालवायला घेण्याची प्रक्रिया. भारतात तिची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ९, नियम १३ मध्ये आहे.

पुकाऱ्याला, म्हणजे न्यायालयात दाव्याचे नाव पुकारल्यावर, प्रतिवादी आला नाही आणि समन्स रीतसर बजावलेले दिसले, की दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश होतो. पक्षकार इथेच हाय खातात, पण तसे कारण नाही. निकालापूर्वी हजर होऊन, नियम ७ खाली सबळ कारण दाखवून मागची गैरहजेरी माफ करून घेता येते. कारण पटले नाही, तरी आहे त्या टप्प्यापासून पुढच्या कामकाजात भाग घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने संग्राम सिंग प्रकरणात १९५५ साली स्पष्ट केले आहे.

हुकूमनामा झाल्यावर मात्र दोनच कारणे चालतात: समन्स रीतसर बजावले गेले नाही, किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही. खरी झटापट पहिल्यावरच होते. बेलीफाने (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याने) समन्स दाराला चिकटवले असेल, तर तसे का करावे लागले, घर कोणी दाखवले, कोणासमक्ष चिकटवले, हे त्याच्या अहवालात यावे लागते. प्रतिवादीचा वकील आधी तेच तपासतो. अर्थात, निव्वळ बजावणीतल्या उणिवेवर आता भागत नाही. तारीख माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा अवधी होता असे दिसले, तर अर्ज फेटाळला जातो. ही अट १९७६ च्या दुरुस्तीने आली.

'पुरेसे कारण' म्हणजे काय, हे संहितेने मुद्दामच बांधून दिलेले नाही. आजारपण, अपघात, वकिलाचा हलगर्जीपणा ही नेहमीची कारणे. वकिलाच्या चुकीची झळ निरपराध पक्षकाराला बसू नये, असे रफिक प्रकरणात (१९८१) म्हटले गेले. तो निकाल अपिलाबाबत होता, तरी अशा अर्जांत त्याचा हवाला हमखास दिला जातो. जी. पी. श्रीवास्तव प्रकरणाने (२०००) आणखी एक उपयुक्त मर्यादा घातली: कारण पाहायचे ते एकतर्फी ठरवल्या दिवसापुरते, मागच्या तारखा उकरायच्या नाहीत.

मुदत ३० दिवसांची, हुकूमनाम्यापासून. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून. अनेकांना तो दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जाची, नोटीस आल्यावरच कळतो. वर्तमानपत्रातून दिलेले समन्स या मुदतीपुरते रीतसर बजावणी मानले जात नाही. उशीर झाल्यास मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडतात.

वादीला नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द होत नाही. मंजुरी देताना न्यायालय खर्च किंवा रक्कम भरण्याची अट घालू शकते. अर्ज फेटाळल्यास त्यावर अपील आहे. एकतर्फी हुकूमनाम्याविरुद्ध थेट अपीलही करता येते, पण ते मागे न घेता निकाली निघाले, की नियम १३ चा रस्ता बंद होतो.