दोन इंजिनांचा भरवसा आणि कराडचा उन्हाळा

कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,८०० फुटांहून थोडी वर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा विमानाच्या हिशेबानं ५,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. विमान उभं कराडात, पण इंजिनाला हवा मिळते महाबळेश्वरच्याही वरची. प्रशिक्षणातलं दोन इंजिनांचं विमान पायपर सेमिनोल पूर्ण वजनात एका इंजिनावर साधारण ३,८०० फुटांपर्यंतच नीट चढतं. 'एक बंद पडलं तरी दुसरं आहेच' असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

ही समजूत जुनी आहे आणि तिची किंमत माणसांनी मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-२६ मरॉडर या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचे फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळ सरावात इतके अपघात झाले की 'टॅम्पाच्या खाडीत रोज एक' अशी म्हणच पडली. शेवटी नामवंत अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी हेच विमान एका इंजिनावर उडवून दाखवलं. कमी पडत होतं ते बरंचसं प्रशिक्षण.

१९५४ च्या सुमारास पायपर अपाची आणि सेस्ना ३१० आली आणि दोन इंजिनांची विमानं खासगी मालकांच्या हाती गेली. पण ६,००० पौंडांपर्यंतच्या, कमी वेगात उतरू शकणाऱ्या अशा विमानानं एका इंजिनावर चढलंच पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेच्या नियमांत कित्येक दशकं नव्हती. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, चढण्याची क्षमता मात्र ८० ते ९० टक्के जाते. फार थोड्या मालकांना हे ठाऊक असतं.

दुसरा धोका वळण्याचा. चालू इंजिन नाक बंद इंजिनाकडे ढकलतं आणि ते रडरनं, म्हणजे शेपटीवरच्या पायानं हलवायच्या सुकाणूनं, धरून ठेवायला वेग लागतो. वेगदर्शकावरच्या लाल रेघेखाली वेग गेला की रडर पुरत नाही आणि विमान उलटतं. साठच्या दशकात पायपरच्या ट्विन कोमांचे विमानावर एका इंजिनावर वेग या रेघेपर्यंत उतरवायचा सराव कमी उंचीवर करताना अनेक जीव गेले. १९७० च्या सुमारास पायपरनं दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरणारी विमानं काढली, त्यामुळे कोणतंही इंजिन बंद पडलं तरी त्रास सारखाच. सेमिनोलमध्येही तेच आहे.

आजची शिस्त यातूनच घडली. इंजिन गेलं तेव्हा चाकं जमिनीवर असतील तर दोन्ही थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे दांडे) मागे आणि ब्रेक. हवेत असाल तर पूर्ण ताकद, चाकं आत, वेग वेगदर्शकावरच्या निळ्या रेघेवर, म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढता येईल इतका. मग बंद इंजिन ओळखायचं: ज्या पायाला पेडलवर जोर द्यावा लागत नाही, त्या बाजूचं. तरी लगेच बंद करायचं नाही. त्याच बाजूचा थ्रॉटल सावकाश मागे घ्यायचा. आवाजात आणि पायावरच्या जोरात फरक पडला नाही, तरच पंखा फेदर करायचा, म्हणजे पाती कडेनं वाऱ्याच्या रेषेत आणायची. गडबडीत चालू इंजिन बंद केलं गेल्याची उदाहरणं आहेत.

मे महिन्यातल्या दुपारी पूर्ण वजनानं कराडहून निघताना, टेकऑफआधी मोठ्यानं म्हणायची ब्रीफिंग फार छोटी होते: चढत नसेल तर दोन्ही थ्रॉटल बंद, नाक खाली, समोरच्या शेतात.