ट्रायकॅच (‘आर’ भाषेतलं एरर पकडणारं फंक्शन) लावलं म्हणजे ४०४ (‘पान सापडलं नाही’ हे सर्व्हरचं उत्तर) पकडला जातो? नाही.

‘आर’ या प्रोग्रामिंग भाषेत वेबवरून डेटा ओढताना सगळं ट्रायकॅचमध्ये गुंडाळलं की काळजी मिटली, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातोय. वेबवरून डेटा आणणाऱ्या ‘एचटीटीआर’ पॅकेजच्या बाबतीत तो चुकीचा आहे. यात डेटा गुपचूप खराब होतो, म्हणून आवर्जून लिहितोय.

‘एचटीटीआर’चं गेट फंक्शन ४०४ किंवा ५०० (सर्व्हरमधला बिघाड) आला तरी एरर देत नाही. सर्व्हरने उत्तर दिलं, म्हणजे त्याच्या लेखी काम झालं. ते उत्तर नकाराचं आहे की होकाराचं, हे स्टेटस कोड (उत्तरासोबत येणारा असा आकडा) पाहून आपण ठरवायचं. एरर येते ती उत्तरच मिळालं नाही तर: डोमेन सापडलं नाही, टाइमआउट झाला, नेट गेलं. ट्रायकॅचच्या हाती तेवढंच लागतं. माझ्या एका लूपमध्ये ‘पान सापडले नाही’ हा मजकूर थेट डेटाच्या रकान्यात जाऊन बसला होता, आणि कन्सोलवर एकही लाल ओळ नव्हती!

उपाय एका ओळीचा आहे. गेटनंतर लगेच ‘स्टॉप_फॉर_स्टेटस’ लिहा. ४०४, ५०० यांची खरीखुरी एरर होते आणि ट्रायकॅच ती पकडतं.

नव्या ‘एचटीटीआर२’मध्ये मात्र विनंती पाठवणारं ‘रेक_परफॉर्म’ ४०० पासूनच्या कोडवर आपणहून एरर देतं. तिथे ‘रेक_रिट्राय’ला किती वेळा प्रयत्न करायचा ते सांगितलं, की ४२९ (फार विनंत्या झाल्या) आणि ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) वर ते थोडं थांबून पुन्हा विचारतं. ४०४ वर विचारत नाही, आणि तेच बरोबर आहे.